धातुशोधक यंत्र : जुने की नवे?

घरातील एखादे यंत्र जुने झाले म्हणजे ते बदलावे की तसेच वापरावे, हा प्रश्न प्रत्येक संसारी माणसास कधी ना कधी पडतोच. बहुतेक वेळा यंत्र स्वतःच त्याचे उत्तर देते. शिवणयंत्राचा टाका सुटू लागतो, रेडिओ खरखरतो, घड्याळ मागे पडते. दोष डोळ्यांस दिसतो किंवा कानांस ऐकू येतो आणि मग खर्चाचा हिशेब तेवढा करावयाचा उरतो. जमिनीतील धातू शोधणाऱ्या यंत्राची गोष्ट मात्र निराळी आहे. असे यंत्र एखाद्या नाण्यावरून मुकाट्याने निघून गेले, तर तेथे नाणे होते हे त्याच्या मालकास कधीच कळत नाही. यंत्र चुकते तेव्हा ते गप्प बसते, आणि रिकाम्या जमिनीवरही ते गप्पच असते. ह्या दोन मौनांत फरक कसा करावा? नवे यंत्र घ्यावे की नाही ह्या प्रश्नाची खरी अडचण येथे आहे, आणि यंत्रे विकणाऱ्यांचे फावते तेही येथेच. आपल्या हातून काय निसटले हे ज्याला ठाऊक नाही, त्याला पुष्कळ निसटले असे पटवून देणे फारसे कठीण नसते.

हा प्रश्न ज्यांना प्रत्यक्ष पडतो ती माणसे मुख्यतः इंग्लंडात आहेत. तेथे शेतमालकाची परवानगी काढून नांगरलेल्या रानात धातुशोधक घेऊन हिंडणे हा हजारो लोकांचा छंद आहे. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनाही तो लागू शकतो. ह्या छंदास तेथील कायद्याची चौकट आहे. संरक्षित प्राचीन स्थळी यंत्र चालवण्यास १९७९ च्या कायद्याने बंदी आहे. १९९६ च्या कायद्याप्रमाणे निधी सापडल्यास चौदा दिवसांच्या आत वर्दी द्यावी लागते. किरकोळ वस्तूंचीही नोंद व्हावी म्हणून १९९७ पासून एक सरकारी योजना चालू आहे आणि तीत आजवर दहा लाखांहून कितीतरी अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडे असा छंद नाही, आणि कायद्यास तो मानवणाराही नाही. १८७८ च्या निधिविषयक कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाची दडलेली वस्तू सापडली तर ती कलेक्टरास कळवावी लागते. आणि संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्यापाशी परवानगीवाचून कुदळ मारणे हा गुन्हा आहे. तेव्हा येथे जे सांगावयाचे आहे ते ऐकून कोणी आपल्या गडकोटांकडे यंत्र घेऊन निघू नये, एवढी विनंती आरंभीच करून ठेवतो.

आता यंत्राकडे वळू. त्याचा पहिला गाजलेला प्रयोग माणसाच्या शरीरावर झाला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. गोळी शरीरात राहिली. ती कोठे आहे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी दोन वेटोळ्यांचे एक उपकरण सिद्ध केले. धातूजवळ नेले की त्याच्या टेलिफोनमधून आवाज येई. प्रयोगशाळेत ते बरे चालले. अध्यक्षांच्या बिछान्यापाशी मात्र काही निश्चित सांगेना. गादीखाली पोलादी तारांची चौकट होती, तिने घोटाळा केला. शिवाय गोळी उजव्या बाजूस आहे अशी मुख्य डॉक्टरांची समजूत असल्यामुळे त्यांनी तीच बाजू तपासू दिली. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले आणि शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस निघाली. शेजारच्या लोखंडाने यंत्रास भुलवणे आणि माणसाने यंत्र चुकीच्या जागी फिरवणे, ह्या दोन्ही अडचणी त्या बिछान्यापाशी एकदमच उभ्या राहिल्या होत्या. पहिलीवर गेली कित्येक दशके कारखानदार झटत आहेत. दुसरीवर औषध देणारे यंत्र अद्याप निघालेले नाही.

बेलनंतरची यंत्रे पुष्कळ सुधारली. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या कोसात्स्की नावाच्या अधिकाऱ्याने सुरुंग शोधण्याचे यंत्र तयार केले आणि १९४२ साली एल अलामेनच्या लढाईत ते उपयोगी पडले. पुढे ट्रान्झिस्टर आल्यावर यंत्र हलके झाले आणि सामान्य माणसाच्या हाती आले. परंतु मूळ तत्त्व तेच राहिले. दांड्याच्या टोकास एक तबकडी असते, तीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून दर सेकंदास हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. त्यामुळे खालच्या जमिनीत तितक्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. ह्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्या अंगात प्रवाहाचे भोवरे उठतात आणि त्या भोवऱ्यांचे स्वतःचे एक क्षीण क्षेत्र वर येते. दुसरे वेटोळे अशा खुबीने बसवलेले असते की पहिल्याचा आवाज त्याला जवळजवळ ऐकूच येऊ नये, फक्त हा प्रतिध्वनी ऐकू यावा. प्रतिध्वनी किंचित उशिराने येतो, आणि हा उशीर धातूची जात, जाडी व आकार ह्यांवर अवलंबून असतो. यंत्राच्या पडद्यावर जो आकडा उमटतो तो ह्या उशिराचा असतो.

नव्या यंत्राविषयी पहिली आणि सर्वांत मोठी अपेक्षा असते ती खोलीची. जुने यंत्र वीतभर खाली पाहते, नवे हातभर पाहील, असे ग्राहकास वाटते. येथे निसर्गाचा एक कठोर नियम आडवा येतो. तबकडीपासून दूर गेल्यावर तिचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या तिसऱ्या घाताने क्षीण होते. म्हणजे अंतर दुप्पट केले तर बळ आठव्या हिश्श्यावर येते. नाण्याकडून परतणाऱ्या प्रतिध्वनीचीही वर येताना हीच गत होते. जाताना आठवा हिस्सा, येताना पुन्हा आठवा. म्हणजे दुप्पट खोलीवरील नाण्याचा संकेत चौसष्टाव्या हिश्श्याइतका उरतो. वस्तू तबकडीच्या जवळ असेल तेव्हा हे प्रमाण थोडे सौम्य असते, पण हिशेबाची जात बदलत नाही. पंचवीस सेंटिमीटर खोलीवर नाणे ऐकणाऱ्या यंत्रास आणखी अडीच सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटे, खाली न्यावयाचे तर त्याची संवेदनक्षमता दीडपट ते पावणेदोनपट वाढवावी लागते. आणि ती नुसती वाढवूनही भागत नाही. कारण नाण्याबरोबर जमिनीचा स्वतःचा गोंगाटही तितकाच वाढतो. गोंधळात कुजबुज ऐकू येत नसेल तर ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवून ती ऐकू येत नाही. म्हणून पंधरा वर्षांपूर्वीचे एखादे चांगले यंत्र आणि आजचे चांगले यंत्र ह्यांच्यात स्वच्छ, सौम्य मातीतील खोलीचा फरक बोटांनी मोजण्याइतका निघतो. केवळ खोलीसाठी जो नवे यंत्र घेईल तो बहुधा निराश होईल. विक्रेते पुष्कळदा नाणे हवेत धरून अंतर मोजून दाखवतात, त्यावर तर मुळीच भिस्त ठेवू नये. हवेत माती नसते.

मग नव्या यंत्रात काही अर्थ नाही का? आहे, आणि तो बेलच्या गादीतल्या तारांशी निगडित आहे. इंग्लंडातील जुन्या वस्तीच्या जागा लोखंडाने भरलेल्या असतात. रोमन लोक खिळ्यांचे केवढे भोक्ते होते ह्याचा दाखला स्कॉटलंडमधील इंचटुथिल येथे मिळतो. तेथील छावणी सोडून जाताना रोमन सैन्याने पुरून ठेवलेले सुमारे पावणेनऊ लाख खिळे १९६० च्या सुमारास उत्खननात निघाले. तो एका खड्ड्यातला साठा झाला. साध्या शेतवाडीच्या जागीही ढासळलेल्या छपराचे खिळे मातीत सर्वत्र विखुरलेले असतात. अशा ठिकाणी तबकडी हलवली की खिळा, नाणे, खिळा असे एकामागून एक तिच्याखालून जातात. जुन्या यंत्रास एका खिळ्याचा संकेत निकालात काढून पुन्हा कान टवकारण्यास जो काही क्षणांश लागतो, तेवढ्यात तबकडी नाणे ओलांडून गेलेली असते. नाणे फक्त दहा सेंटिमीटर खाली असते, खोलीचा प्रश्नच नसतो. खिळ्याच्या सावलीत ते झाकले जाते एवढेच. गेल्या पंधराएक वर्षांत यंत्रांनी खरी मजल मारली ती ह्या ठिकाणी. फ्रान्समधील तुलूझच्या एक्सपी ह्या कंपनीचे द्येऊस नावाचे यंत्र ह्याच चपळाईमुळे नावाजले गेले. अनेक छांदिष्टांनी रिकामी म्हणून सोडून दिलेली शेते अशा चपळ यंत्रांनी पुन्हा बोलती झाली, ही गोष्ट कोणी नाकारणार नाही.

दुसरी मजल मातीच्या आणि खाऱ्या पाण्याच्या बाबतीत आहे. लोहयुक्त खडकाची माती स्वतःच चुंबकीय क्षेत्रास उत्तर देते; समुद्राकाठची ओली वाळू मिठामुळे वीज वाहते आणि तीही उत्तर देते. एकाच कंप्रतेवर चालणाऱ्या यंत्रास ह्या दोहोंपैकी एकाची समजूत घालता येते, दोघांची एकदम घालता येत नाही. शिवाय कमी कंप्रता चांदीच्या मोठ्या नाण्यास मानवते, तर बारीक सोन्याचा कण किंवा पातळ तुकडा अधिक कंप्रतेवर बोलतो. एकाच वेळी अनेक कंप्रतांवर चालणारी यंत्रे ऑस्ट्रेलियातील मिनेलॅब कंपनीने १९९० नंतरच्या दशकात प्रचारात आणली. त्या वेळी ती जड व मंद होती. २०१८ पासून हेच तत्त्व हलक्या, चपळ आणि मध्यम किमतीच्या यंत्रांत आले. तुर्कस्तानच्या कारखान्यानेही पुढे तशी यंत्रे आणून किमती खाली ओढल्या. ज्याला समुद्रकिनारी ओल्या वाळूत हिंडावयाचे आहे आणि ज्याचे यंत्र एका कंप्रतेचे आहे, त्याने ह्यापुढे फार विचार करीत बसू नये. त्याच्यासाठी नवे यंत्र हा खरोखरच बदल आहे.

सोन्याच्या खाणीच्या मुलखात हा फरक याहूनही स्पष्ट दिसतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातील तांबड्या लोहमय मातीत साधी यंत्रे अखंड कुरकुरत राहतात. तेथे स्पंदनाची यंत्रे लागतात. त्यांत प्रवाह अखंड वाहत नाही. तो क्षणभर सोडून झटकन तोडतात आणि नंतरच्या काही मायक्रोसेकंदांत जमिनीतून काय उत्तर येते ते ऐकतात. मातीचे उत्तर एका रीतीने विरते, सोन्याचे दुसऱ्या रीतीने. मिनेलॅबने १९९५ च्या सुमारास ह्या जातीचे यंत्र बाजारात आणले, आणि आधी दहादा पालथी घातलेली राने पुन्हा सोने देऊ लागली. मौज अशी की त्याच व्हिक्टोरियात किंगोवरजवळ १९८० साली सत्तावीस किलो वजनाचे जे प्रचंड सोन्याचे ढेकूळ सापडले, ते ह्या सुधारणेच्या पुष्कळ आधीच्या एका साध्या यंत्राने सापडले होते, आणि ते जेमतेम तीस सेंटिमीटर खोल होते.

असा दाखला इंग्लंडातही आहे, आणि नव्या यंत्राचा मोह झालेल्यांनी तो ध्यानात ठेवावा. ५ जुलै २००९ रोजी स्टॅफर्डशायर परगण्यात हॅमरविच गावच्या शेतात टेरी हर्बर्ट नावाच्या गृहस्थांना अँग्लो-सॅक्सन काळातील सोन्याचा निधी सापडला. कित्येक किलो सोने, तरवारींच्या मुठींवरील जडावाचे शेकडो तुकडे. त्याचे मोल ३२ लाख ८५ हजार पौंड ठरले आणि ते शोधकर्त्यात व शेतमालकात वाटले गेले. निधी नांगरटीच्या थरातच विखुरला होता. त्यांचे यंत्र चौदा वर्षांचे जुने होते. त्याआधी १९९२ साली सफोकमधील हॉक्सन येथे एक गृहस्थ शेतात हरवलेली हातोडी शोधण्यासाठी यंत्र घेऊन गेले होते. त्यांना जवळजवळ पंधरा हजार रोमन नाणी आणि सोन्याचांदीची भांडी-दागिने लाभले. त्यांनी थोडे खणून झाल्यावर हात आखडता घेतला आणि वर्दी दिली, म्हणून पुरातत्त्वज्ञांना तो निधी जसा पुरला होता तसा उकलता आला. (हातोडीही सापडली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.) ह्या दोन्ही ठिकाणी जमिनीने दिले, यंत्र बेताचे असूनही चालले.

एका अपेक्षेविषयी आणखी सांगितले पाहिजे. पडद्यावरील आकडा पाहून न खणताच वस्तू ओळखता येईल, अशी आशा नव्या यंत्राची चित्रमय पत्रके लावतात. परंतु प्रतिध्वनीचा उशीर धातूच्या नावावर ठरत नाही; वाहकता, जाडी आणि आकार ह्या तिहींच्या मिश्रणावर ठरतो. पेयाच्या डब्याची अ‍ॅल्युमिनियमची कडी आणि सोन्याची नाजूक अंगठी ही दोन्ही पुष्कळदा एकच आकडा देतात. हे दहा वर्षांपूर्वी खरे होते, आजही खरे आहे. ज्याने कड्या खणण्याचा कंटाळा केला त्याने अंगठ्याही सोडल्या असे समजावे.

तर मग ठरवावे कसे? आधी म्हटल्याप्रमाणे मुख्य अडचण आहे ती निसटलेले न दिसण्याची. म्हणून निसटलेले दिसेल अशी युक्ती केली पाहिजे. आपण नेहमी ज्या शेतात हिंडतो त्यातलाच लोखंडाने गजबजलेला एक लहानसा चौकोन दोरीने आखून घ्यावा. त्यात जुने यंत्र सावकाश चालवावे आणि जेथे क्षीण किंवा संशयास्पद आवाज येईल तेथे न खणता एकेक काडी रोवावी. नंतर क्लबातील सोबत्याचे नवे यंत्र मागून घ्यावे; ह्या छंदातली माणसे स्वतःच्या यंत्राचा दिमाख दाखवण्यास सहसा नाही म्हणत नाहीत. त्याने तोच चौकोन चालावा आणि निराळ्या रंगाच्या काड्या रोवाव्या. इथवर पुष्कळजण करतात. पुढची पायरी बहुधा कोणी करीत नाही आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या जागा फक्त नव्या यंत्राने सांगितल्या त्या प्रत्येक जागेवर जुने यंत्र पुन्हा आणावे आणि वेगवेगळ्या दिशांनी, निरनिराळ्या वेगांनी फिरवून पाहावे. अनेक ठिकाणी ते आता बोलेल. तेथे कमी पडला तो आपला कान किंवा आपली घाई. यंत्राचा दोष नव्हे. जेथे ते काही केल्या बोलणार नाही, तेवढ्याच जागा नव्या यंत्राच्या खात्यावर जमा धराव्या. मग सर्व काड्या खणाव्या आणि खळगे नीट बुजवावे. नव्या यंत्राच्या खात्यावर दोन नाणी आणि एक बक्कल निघाले, तर किमतीचा विचार करण्यास जागा आहे. वाकडे खिळे आणि वर्खाचे चिटोरे निघाले, तर प्रश्न तेथेच मिटला.

अशी परीक्षा करताना जुन्या यंत्राची मांडणीही तपासून घ्यावी. कित्येक जण लोखंडाचा आवाज नको म्हणून गाळणी इतकी कडक लावून ठेवतात की खिळ्यालगतचे नाणेही तीत अडकते. गाळणी सैल केली की डोके उठेल इतका कलकलाट होतो हे खरे. पण त्या कलकलाटात कान तयार होतात, आणि महिना-दोन महिन्यांत जुन्याच यंत्रातून नवे ऐकू येऊ लागते. दुसरा उपाय तबकडी बदलण्याचा. लहान तबकडी एका वेळी थोडीच जमीन पाहते, त्यामुळे तिच्याखाली एकाऐवजी दोन खिळे येण्याचा संभव कमी होतो. थोडी खोली जाते, पण खिळ्यांच्या रानात ती तशी उपयोगाची नव्हतीच. नव्या उंची यंत्रास हजार पौंडांच्या वर पडतात. बहुतेक यंत्रांची सुटी तबकडी त्याच्या एका लहानशा अंशात मिळते. आणि अलीकडच्या काही यंत्रांचे अंतरंग संगणकास जोडून फुकट सुधारून घेता येते, हे त्यांच्या मालकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

वजनाचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे, कारण पत्रकांत तो शेवटच्या ओळीत असतो आणि वस्तुतः तो पहिल्या ओळीत असावयास हवा. दोन-सव्वादोन किलोचे यंत्र हाताच्या टोकास धरून सहा तास डावीकडून उजवीकडे झुलवणे हे साठी उलटलेल्या माणसाचे काम नव्हे, आणि ह्या छंदात निवृत्त माणसे पुष्कळ आहेत. खांदा दुखू लागला की तबकडी जमिनीपासून वर उचलली जाते. आणि वर सांगितलेल्या घाताच्या नियमाने ती चार बोटे वर गेली की खालचे क्षीण संकेत गेलेच. एक किलोच्या आसपासचे नवे यंत्र ह्या माणसास खोली मिळवून देईल. वीजविद्येने नव्हे, त्याच्या खांद्यास विश्रांती देऊन. अशा कारणासाठी कोणी जुने यंत्र विकले तर त्यास मी उधळपट्टी म्हणणार नाही. याउलट ज्याच्याजवळ परवानगी मिळालेले एकच शेत आहे, आणि तेही गवताळ, फारसे इतिहास नसलेले, त्याने हजार पौंड यंत्रावर न घालता चार शेतकऱ्यांची दारे ठोठवावी, जुने नकाशे पाहावे, पडीक वाटा आणि ओढ्याचे उतार कोठे होते ते शोधावे.

नवे घेण्याचे ठरलेच, तर निदान एक हंगाम जुने यंत्र विकू नये. नव्याचा आवाज निराळा असतो. त्याची भाषा अंगवळणी पडेपर्यंत पहिले काही आठवडे माणूस जुन्या यंत्राहूनही कमी मिळवतो आणि घाईने ते नवे यंत्रही विकून टाकतो. अशीच जेमतेम वापरलेली यंत्रे बाजारात बऱ्या भावात मिळतात. शहाण्याने ती घ्यावी. मात्र नावाजलेल्या यंत्रांच्या हुबेहूब नकला, विशेषतः सोने शोधणाऱ्या महागड्या यंत्रांच्या, बाजारात फिरत असतात. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी यंत्रावरील क्रमांक कारखानदाराकडे पडताळून घ्यावा, आणि विकणाऱ्यास त्याच्या उपस्थितीत ते जमिनीवर चालवून दाखवण्यास सांगावे.